फरशीखालचं लोखंड

साइटवर सगळे त्याला घणमामा म्हणत. पायासाठी जमिनीत लोखंडी खांब ठोकायचं यंत्र तो चालवायचा. कानात बोळे घातले तरी संध्याकाळपर्यंत डोकं भणभणत राही. या वेळचं काम नेमकं थोरल्या बहिणीच्या घराला खेटून निघालं. तिचं स्वयंपाकघर आणि साइट यांच्यामध्ये एक भिंत आणि माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ. त्यामुळे दुपारचं जेवण ताईकडे, आणि जेवणासोबत तिची बोलणीही. मांडणीवरची भांडी नाचतात, भावोजींचा डोळा लागत नाही, हे तिचं रोजचं गाऱ्हाणं. तो मान खाली घालून जेवायचा.

त्या सकाळी नवा खांब उभा केला. उंच मनोऱ्याला धरून खांब सरळ ठेवायचा, डोकं चेचू नये म्हणून त्यावर लाकडाची जाड गादी बसवायची, आणि काही टन वजनाचा घण वर उचलून त्यावर सोडून द्यायचा. दर ठोक्याला खांब थोडा आत जातो. खाली कठीण थर लागला की कितीही ठोका, तो जागचा हलत नाही. मग समजायचं, खांब टेकला. तोवर लांबी कमी पडली तर वरून दुसरा तुकडा वेल्ड करून जोडायचा.

हा खांब मध्येच अडला. ठणकन वेगळाच आवाज झाला, दोन-चार ठोके तसेच गेले, आणि मग तो चिखलात काठी रुतावी तसा सरासर आत जायला लागला. खाली मऊ माती असणार असं म्हणून इंजिनिअरने पुढचा तुकडा जोडायला लावला. घणमामालाही बरंच वाटलं. काम लवकर हातावेगळं होणार होतं.

तेवढ्यात ताई साइटवर आली. रखवालदार मागून येत होता, पण तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचे हात पिठाने भरलेले होते. घणमामाने यंत्र थांबवलं.

"तुझं लोखंड माझ्या स्वयंपाकघरात आलंय," ती म्हणाली.

त्याला हसूच आलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि खाली उतरून तिच्यामागोमाग घरात गेला.

ओट्याजवळच्या फरश्या फुटून उलथल्या होत्या. त्यांच्यामधून गुडघ्याएवढं लोखंड वर आलं होतं. चिखलाने माखलेलं, टोकाला पिळवटलेलं, जिथे घासलं तिथे चकचकीत. बाजूला खुर्ची आडवी पडली होती. भावोजी भिंतीला पाठ लावून उभे होते. हातात अर्धवट सोललेला बटाटा तसाच. घणमामाने लोखंडाला हात लावला. ते कोमट होतं. पलीकडे आपण एक टोक ठोकत होतो आणि दुसरं इथे वर चढत होतं, हे कळायला त्याला वेळ लागला.

भावोजी हळू आवाजात सांगू लागले. फरशीखाली कुरकुर ऐकू येत होती, त्यांना वाटलं उंदीर असेल.

"म्हणून मी पायाने फरशी दाबून धरली होती."

"मग?"

"मग हिने हाक मारली, दूध उतू चाललंय. मी उठलो."

घणमामा तिथेच जमिनीवर बसला. ताईने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला.

इंजिनिअर आला आणि त्याने दारातूनच बघितलं. असं कधीतरी होतं हे ऐकून होतो, एवढंच तो पुटपुटला. नंतर खणल्यावर उलगडा झाला. खाली उतरता कातळ होता. खांबाचं टोक त्यावरून घसरलं, वळलं, आणि मासे पकडायच्या गळासारखं वाकून वरच्या दिशेला लागलं. ठोकणं कायमचं बंद झालं. आधी यंत्राने भोक पाडायचं आणि त्यात काँक्रीट ओतायचं, असं ठरलं. त्या यंत्रावर घणमामालाच बसवत होते. आठ दिवस दुसरा कुणी बघा, असं सांगून तो घरी गेला.

स्वयंपाकघर दुरुस्त होईपर्यंत ताई आणि भावोजी त्याच्याकडेच राहिले. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खाली दुसऱ्यांची बिऱ्हाडं. तरीही भावोजी खुर्चीवर मांडी घालूनच बसत. त्यावरून त्यांची थट्टा मात्र कुणी केली नाही.