त्रिंबक सुताराने कोरलेली रेहल

मित्रांनो, मी एक जुनी रेहल आहे. कुराण जमिनीला टेकू नये म्हणून ज्या लाकडी घडीवर उघडून ठेवतात, ती मी. चौसाळ्याच्या त्रिंबक सुताराने मला सागाच्या एकाच फळीतून कोरले. तेव्हा आमच्या मुलखात निजामाचे राज्य होते.

मशिदीचे मुल्ला जैनुद्दीन मला न्यायला आले, तेव्हा त्रिंबकाने विचारले, "मुल्लाजी, तुमचा देव मशिदीच्या भिंतीत हाय व्हय? समदे तिकडंच तोंड करत्यात."

मुल्लाजी हसले. "भिंतीत न्हाई. तिच्या पल्याड, लई लांब मक्का हाय. समद्यांचं तोंड एकीकडं असावं, म्हणून. अल्लाला मूर्त न्हाई."

त्या दिवसापासून काम आटोपले की त्रिंबक मशिदीच्या पायरीवर येऊन बसू लागला. मुल्लाजी माझ्यावरचे पान उलटत, आयत, म्हणजे कुराणातले वचन, वाचत आणि तिचा अर्थ गावच्या बोलीत सांगत. रोजा कशासाठी, जकातीचे दान कुणाला, जहागीरदार आणि पिंजारी एका रांगेत का उभे राहतात. काही गोष्टी त्रिंबकाला पटत, काहींवर तो हुज्जत घाले.

एकदा तो म्हणाला, "मी कलमा पढून मुसलमान झालो न्हाई, व्हणार बी न्हाई. मग माझं काय व्हईल?"

मुल्लाजींनी माझ्यावरचे कुराण मिटले. "ते त्यालाच ठावं. तुझा न्याय करणारा मी कोण?"

गावाला हे खुपू लागले. त्रिंबकाची बायको सुभद्राबाई रडायची. "आपल्या वत्सलाची सोयरीक जमत आली हाय. लोक म्हणत्यात, तुमी बाटणार. जाऊ नगा तिथं."

"शेजारचा माणूस कुणापुढं हात पसरतो, ते कळाया नको?" एवढेच तो म्हणाला.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. तीन दिवसांत मुल्लाजी गेले. निम्मे गाव अंथरुणावर होते, कबर खणायलाही माणसे मिळेनात. त्रिंबक कुदळ घेऊन गेला. वत्सलाच्या रुखवताच्या पेटीसाठी राखलेल्या फळ्या त्याने देहावर माती पडू नये म्हणून कबरीत आडव्या घातल्या. मग तीन मुठी माती टाकताना तो पुटपुटला, "हितूनच आलो, हितंच जायचं." कुणाला काही विचारावे लागले नाही. मुल्लाजींकडून ऐकलेले सारे त्याला ठाऊक होते.

जातीचे पंच त्याला म्हणाले, "चूक झाली म्हण."

"माती देणं चूक कशी?" त्रिंबक म्हणाला.

त्याला वाळीत टाकले. सोयरीक मोडली. वत्सलाने बापाशी बोलणे सोडले.

मुल्लाजींच्या विधवेने, चांदबींनी, मला त्याच्या हाती दिले. "समद्यांत जास्त तुमीच इचारलं, भाऊ." त्याला ती लिपी येत नव्हती. तो मला रोज पुसायचा आणि रिकामीच समोर ठेवून बसायचा. दोन वर्षांनी तोही गेला. मला माळ्यावर फेकले. वाळवीने माझा एक पाय खाल्ला.

बऱ्याच वर्षांनी, परवा वत्सला माळ्यावर चढली. तिचे लग्न झालेच नाही. तिने पदराने माझी धूळ झटकली आणि सुभद्राबाईला विचारले, "आये, बा हिच्यात काय शोधत व्हता गं?"

 सुभद्राबाईने त्याला ते कधी विचारलेच नव्हते.

मित्रांनो, माझ्या मोडक्या पायाचे राहू द्या. सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, आणि कुणी विचारायला निघाला तर त्याची वाट अडवू नका.