सहा तासांचं दुखणं

या, असे जवळ सरका. कीर्तनात बुवा पुराणातल्या राजाची कथा लावतात. मी सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची लावतो. विठ्ठलाच्या कृपेनं तीही गोडच आहे, जरा तिखट लागली तर सोसा.

रामगोंडा पाटील दुकानात भाव ठरवत बसले होते. एकाएकी छातीवर पोतं ठेवल्यागत झालं, दरदरून घाम फुटला. बायकोनं, गुणमालाबाईंनी, रिक्षात घालून त्यांना तडक दवाखान्यात आणलं.

तिथले डॉक्टर सुमंत मोठे संशोधक. छातीत दुखणाऱ्यांच्या रक्तावर त्यांचा अभ्यास चालू होता. सहाशे जणांच्या रक्ताशी त्यांची घसट होती, माणसांशी बेताचीच. संगणकाकडे बघतच त्यांनी विचारलं, "किती वेळ दुखतंय?"

"सहा तास," पाटील म्हणाले.

हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं, पण ते दिसायला काही तास जावे लागतात. पाटलांचा कार्डिओग्राम साधा आला, ट्रोपोनिनही काही सापडलं नाही. सहा तास उलटूनही रक्त स्वच्छ, म्हणजे हृदय ठणठणीत!

"गॅस आहे, घरी जा. रक्त खोटं बोलत नाही, पाटील," असं म्हणून डॉक्टर परिषदेतल्या भाषणाचे कागद आवरू लागले.

साळूबाई तिथली जुनी नर्स, कडेगावची. पाटलांचा ओलाचिंब सदरा बघून तिनं गुणमालाबाईंना गाठलं. "वैनी, खरंच सहा तास?"

"कुठलं वं! धा वाजता चांगलं पोहे खाल्लं की. तास झाला असंल."

"आवं मालक, मग सहा का सांगितलं?"

पाटील कण्हत म्हणाले, "सहा म्हणलं तर डाक्टर तीन तरी धरंल. तासच म्हणलं तर भाईर बाकावर बशीवत्यात."

"हितं कुणी भाव पाडून मागत न्हाई, मालक! सांगाल त्याच दरानं घेत्यात. निजा गप."

ती डॉक्टरांकडे गेली. "सर, तीन तासांनी परत रक्त घिऊया. दुखणं आत्ताचं हाय."

"रिपोर्ट तुम्ही वाचणार की मी?"

"तुमीच वाचा. पर ह्येंच्या बायकूला कुणी इचारलं का?"

"वेळ चुकीची असेल तर हा पेशंट माझ्या अभ्यासात बसत नाही!" डॉक्टर कळवळले. खरंच कळवळले हो, अभ्यासासाठी.

"नसू द्या. माझ्या वॉर्डात बसतोय."

दुपारी साळूबाईनं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. ट्रोपोनिनचा आकडा मर्यादेच्या चाळीस पट चढला होता. डॉक्टरांना भाषण अर्धं टाकून परत यावं लागलं. संध्याकाळच्या आत हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली आणि पाटील वाचले.

पुढं डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला. शेवटी यंत्र देणाऱ्या कंपनीचे आभार, पत्नी ऋचाचे आभार, संगणकवाल्याचेही आभार.

एवढ्या आभारांत एक नाव राहून गेलं. तुम्ही देवापुढं हात जोडाल तेव्हा ते घ्या: कडेगावची साळूबाई.