हसायला मनाई

साहेबांना विनोद सांगायची हौस होती आणि बाकीच्यांना नोकरी टिकवायची. दोन्हींचा मेळ सोमवारच्या बैठकीत बसायचा.

रंग बनवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. विक्रीचा आढावा चालू असताना साहेब मध्येच हात वर करत, की सगळे सावरून बसत. विनोद येणार! साहेबांच्या उजव्या हाताला त्यांची सेक्रेटरी. तिला सगळे घंटी म्हणत, कारण विनोद संपला की पहिलं हसू तिचं वाजायचं, खणखणीत, आणि मग बाकीचे हसायचे. साहेबांचा विनोद नेमका कुठे संपतो हे दुसऱ्या कुणाला कळत नसे. ही नोकरी तिला टायपिंगच्या जोरावर मिळाली, असं फक्त तिच्या सासूबाई मानत.

घंटीला सातवा महिना लागला होता. त्या सोमवारी साहेबांनी हात वर केला.

"परवा एक गिऱ्हाईक विचारतं, साहेब, हा रंग टिकेल किती? मी म्हटलं, तुमचं लग्न टिकेल तोवर!"

घंटी सवयीनं वाजली, आणि हसता हसता तिला जाणवलं की खाली काहीतरी सुटलं. फार नाही, पण कपडे ओले झाले. उरलेलं हसू गिळून ती खुर्चीला चिकटून बसली. बैठक संपली, सगळे उठले, तरी ती आपली कागद जुळवतेय.

"येताय ना चहाला?" विक्रीवाल्या मामांनी विचारलं. ते खरे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे तसंच म्हणत.

"तुम्ही व्हा पुढे."

खोली रिकामी झाल्यावर तिनं स्वेटर कमरेला बांधला आणि बायकांच्या बाथरूमकडे निघाली. साहेबांचं बाथरूम त्यांच्या केबिनला लागून होतं. बायकांचं मात्र गोदामाच्या पलीकडे, नकाशा काढून झाल्यावर कुणालातरी आठवल्यासारखं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण सल्ला तो कुठल्याही अवयवावर द्यायचा. "पाणी कमी पी. टाकी भरलीच नाही तर गळेल कुठून?"

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि त्या घाईघाईनं बाथरूममध्ये गेल्या.

घंटीनं पाणी तोडलं. गळणं काही थांबलं नाही. उलट लघवीला जळजळ सुरू झाली, डोकं गरगरायला लागलं. शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पाणी कमी करायचं कुणी सांगितलं?"

"नवऱ्यानं."

"काय करतात?"

"चष्मे विकतात."

"मग त्यांना चष्मेच विकू दे." बाईंनी लघवी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग निघाला, औषध दिलं. मग नीट समजावलं. बाळाचा भार मूत्राशयावर येतो, खालचे स्नायू सैल पडतात, हे खूप जणींना होतं. पाणी भरपूर प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, पॅड वापरायचं. आणि व्यायाम: लघवी मध्येच थांबवताना जसं आवळतो तसं आतून आवळायचं, धरायचं, सोडायचं. मात्र खरोखर लघवी करताना हा प्रयोग नाही. शिंक, खोकला, हसू येतंय असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं.

"आणि हसू येत नसताना हसावं लागत असेल तर?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते तर बंदच करा."

पुढच्या सोमवारी साहेबांचा हात वर गेला, विनोद झाला, आणि घंटी वाजली नाही. विनोद संपला की अजून बाकी आहे, कुणालाच कळेना. साहेबांनी तोच विनोद पुन्हा, जरा सावकाश सांगितला. मामा घाईत हसले, पण विनोद संपण्याआधीच, त्यातल्या माणसाची बायको आजारी पडते तिथे. साहेबांचा चेहरा पडला.

दुपारपर्यंत ऑफिसभर बातमी झाली. कुणी म्हणालं तिला दुसरीकडे नोकरी लागली, कुणी म्हणालं आतून मालकच बदलणार आहेत. जिन्यात एका कारकुनानं इकडे तिकडे पाहून तिचा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला. इतकी वर्षं कुणाची छाती झाली नाही." त्यानंतरच्या बैठकीत तो हसला नाही. त्याच्या शेजारचाही हसला नाही. बघता बघता टेबलाची एक अख्खी बाजू गंभीर झाली.

साहेबांनी घंटीला केबिनमध्ये बोलावलं. "काही नाराजी आहे का? मोकळेपणी सांगा."

मोकळेपणी सांगण्याजोगं तेवढंच तर नव्हतं. "डॉक्टरांनी हसायला मनाई केलीय," ती कशीबशी म्हणाली.

"सगळ्यांनाच?" साहेबांनी विचारलं.

ऑफिसचं वातावरण बिघडलंय असं ठरवून साहेबांनी एका प्रशिक्षकाला बोलावलं. तो कंपन्यांना आनंदी करत फिरायचा. त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं. "आता पोटातून हसायचं! हात वर, हा हा हा! ताई, तुम्ही का गप्प? लाजू नका, सोडून द्या सगळं!"

"सोडून देता येणार नाही," घंटी म्हणाली.

"का नाही? सोडा! मोकळ्या व्हा!"

तो अगदी कानाशी येऊन हा हा करू लागला. तिची पाठ दुखत होती, पाय सुजले होते, आणि आता लाजेचाही कंटाळा आला होता.

"मी हसले की मला लघवी होते," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "पोटात बाळ आहे म्हणून. हसण्याआधी आवळून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बंड वगैरे काही नाही."

वर गेलेले हात वरच राहिले. मामा छताकडे बघू लागले. त्या शांततेत हिशेब विभागातल्या मॅडम बोलल्या. निवृत्तीला आलेल्या, कडक. त्यांना कुणी आजवर हसताना पाहिलं नव्हतं.

"मला शिंकताना होते. धाकटा झाला तेव्हापासून." मग जरा थांबून, "धाकट्याला आता टक्कल पडलंय."

आधी मामा फुटले, मग एकजात सगळे. मॅडमसुद्धा, भिंतीला हात टेकून. घंटीला उकळी फुटताना जाणवलं, तिनं झटकन आवळलं आणि मग मनसोक्त हसली. थोडं निसटलं, पण पॅड होतं, आणि आता लपवायचं होतं कुणापासून?

साहेब तेवढे हसत नव्हते. बरंच हायसं वाटून ते म्हणाले, "म्हणजे माझे विनोद चांगलेच होते! मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आवळून घ्यायचं आणि हसायचं ना!"

"साहेब," घंटी डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या विनोदाला आवळायला वेळ भरपूर मिळतो. हसूच येत नाही."

नोकरी गेली, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण साहेबांना गेलेला मान परत मिळवायचा होता. महिन्याभरात केबिनला लागून असलेलं बाथरूम बायकांसाठी खुलं झालं, आणि पुढे पाहुण्यांना ते दाखवताना साहेब सांगत, "ही माझीच कल्पना." हे ऐकून मात्र सगळे मनापासून हसत, आणि साहेबांना वाटे, हात पुन्हा बसला.

घंटीला मुलगी झाली. रजा संपवून ती परत आली तेव्हा गळणं बरंचसं आटोक्यात होतं. व्यायाम तिनं सोडला नव्हता. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला गाठलं.

"ते तुझं आवळायचं... या वयात जमेल का गं?"

"जमतं म्हणतात. माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊया का?"

"मला वाटलं होतं, हे असंच असतं," मॅडम म्हणाल्या. मग पर्स उचलून, "आज संध्याकाळी मोकळी आहेस?"