दाटलेल्या रेषा

छपरं बसवण्याच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाऱ्यापावसाचा मात्र काही भरवसा नसे. म्हणून ती रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसे. त्यांची सगळी नोकरी वेधशाळेत हवामानाचे नकाशे काढण्यात गेली होती.

"एका रेषेवरच्या सगळ्या गावांत हवेचा दाब सारखा," ते सांगत. "'कमी' लिहिलंय तिथे ढग जमतात. रेषा जितक्या जवळजवळ, तितका वारा जोराचा. पण एकच नकाशा बघून बोलायचं नाही. कालचा शेजारी ठेव, काय कुठे सरकलं ते बघ."

बुधवारी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कमी दाब आपल्याला वळसा घालून जाणार. पाऊस नाही. उद्या वाचनालयाचं छप्पर खुशाल उघड."

ती नकाशावरून नजर काढेना. "बाबा, पण काल या रेषांत दोन बोटांचं अंतर होतं. आज नखसुद्धा मावत नाही, आणि सगळा घोळका आपल्याकडेच येतोय. वारा सुटला तर? बारा फुटी पत्रा धरून माझी माणसं वर असतील."

सासऱ्यांचा अंदाज डावलायचा म्हणून तिला धाकधूक वाटली. तरी तिने काम एक दिवस पुढे ढकललं.

गुरुवारी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अहो, लख्ख ऊन पडलंय! आम्ही पुस्तकांवर ताडपत्र्या घालून बसलोय."

"आजचा दिवस कळ काढा," ती म्हणाली खरी, पण तिला जेवण गोड लागेना.

तीनच्या सुमारास खिडक्या धाडधाड आपटू लागल्या. वाळत घातलेली चादर गच्चीवरून उडून शेजारच्या झाडात अडकली. पुन्हा फोन वाजला. "समोरच्या दुकानाची पाटी चौकात जाऊन पडलीय! बरं झालं बाई, तुम्ही थांबलात."

सासरे मनापासून हसले. "मी आपला पावसाच्याच नादात राहिलो!" मग एकेका जुन्या सहकाऱ्याला फोन लावून सांगत सुटले, "आमच्या सुनेनं आज माझी चूक काढली!" जणू काही बक्षीसच मिळालं होतं.

शुक्रवारी वारा पडला. दिवस मावळता मावळता ती छपरावर शेवटचा स्क्रू पिळत होती, तेव्हा खालून ओळखीचा आवाज आला. सासरे रस्त्यात मान वर करून उभे होते.

"तो कोपरा जरा तिरका वाटतो गं!"

"तुम्हाला त्यातलं काय कळतं, बाबा?" ती वरूनच ओरडली, आणि दोघंही खळखळून हसली.