चुलीपुढची बाई

धनराजचा फोन आला तेव्हा उत्कर्ष पुण्यातल्या खोलीत नुकताच धुतलेला फिल्मचा रोल चिमटा लावून दोरीवर वाळत घालत होता. त्याच्या या जुन्या दोस्ताचा वाशीमला स्टुडिओ होता, लग्नाकार्याचे फोटो काढायचा. जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात होतं.

"एका भिंतीवर तुहे रोलवाले फोटो लावू," तो म्हणाला. "आन जराखं बोल बी. रोलचे दिवस सरले म्हणतात सारे. पुढं काय होईन, थे सांग लोकाईले."

उत्कर्षनं लगेच हो म्हटलं. तो मूळचा वाशीमजवळच्या अनसिंगचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. फोनमध्ये त्याचे हजारो फोटो पडून होते आणि त्यांतला एकही धड आठवत नव्हता. जुन्या बाजारात मिळालेल्या फिल्मच्या कॅमेऱ्यानं त्याला वेड लावलं. रोल संपतो, म्हणून बटण दाबण्याआधी थांबावं लागतं, समोरच्या माणसाकडं नीट पाहावं लागतं. पुण्यातल्या दोस्तांच्या ग्रुपवर तो मोठ्या हौसेनं लिहायचा, की फोनमधला फोटो पाहिजे तसा बदलता येतो, फिल्मवर मात्र समोर असतं तेच उमटतं.

प्रदर्शनासाठी निवडलेल्या फोटोंत सगळ्यात चांगला होता तो लिलाबाईचा. लिलाबाई त्याची सख्खी आत्या. सारी नोकरी तिनं आरोग्य उपकेंद्रात सिस्टर म्हणून केली, आजूबाजूच्या खेड्यांतली कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली. निवृत्त झाल्यावर तिनं अनसिंगलाच स्लॅबचं घर बांधलं. दिवाळीत उत्कर्षनं फोटो काढायचं म्हणताच ती कडक इस्त्रीची, निळ्या काठाची पांढरी साडी नेसली, चष्मा पुसला आणि दारातल्या खुर्चीत ताठ बसली.

उत्कर्षनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्याचं मन खट्टू झालं. मागं चकचकीत फरशी, बाजूला फ्रिज. असला फोटो पुण्यात कोण बघणार?

"आत्या, शेजारच्या गोठ्यामागं चूल हाये ना, तिथी बस ना जराशी."

"थ्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापोतात शेजारच्या बाया. मी कायले बसू तिथी?"

"उजेड चांगला हाये."

उजेड दारातही चांगलाच होता. मग त्यानं चष्मा काढायला लावला. मग साडीला काजळी लागेल म्हणून एखादं जुनं लुगडं नेस म्हणाला. "फोटोतलं तुले समजते बाबू, मले नाई," असं म्हणत ती सारं करत गेली. ओल्या लाकडाचा धूर झाला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकं तेव्हा त्यानं बटण दाबलं.

"दाखव बरं," डोळे पुसत ती म्हणाली.

"रोल हाये आत्या. धुतल्याबिगर दिसत नाई."

रोल धुतला, फोटो छापला, पुण्यात सगळ्यांनी वाखाणला. आत्याला दाखवायचं राहून गेलं.

धनराजनं प्रत्येक फोटोखाली एक ओळ मागितली होती. उत्कर्षनं आधी 'लिलाबाई, निवृत्त आरोग्यसेविका' असं लिहिलं. त्या फोटोखाली ते विसंगत वाटायला लागलं. त्यानं ते खोडून 'शेतमजूर स्त्री, अनसिंग' असं केलं आणि ओळ एकदम बसली. आपल्या आजीनं जन्मभर मजुरी केली, म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आत्याला मात्र कार्यक्रमाचं कळवलं नाही. उन्हात तिला कशाला दगदग, असं स्वतःलाच सांगितलं. अनसिंगहून वाशीम ते काय लांब!

पण निमंत्रण फोनवरून फिरत फिरत लिलाबाईच्या मुलीकडं, साक्षीकडं पोचलं. कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरत आला आणि उत्कर्षनं दाराकडं पाहिलं, तर साक्षी आत येत होती आणि तिच्यामागं लिलाबाई. तीच निळ्या काठाची साडी, केसांना तेल लावून घातलेला अंबाडा. ओळखीचं कुणी दिसलं की ती थांबून सांगत होती, "माह्या भाच्याचे फोटो हायेत."

पुढं व्हावं, तिला दुसऱ्या भिंतीकडं न्यावं, असं उत्कर्षच्या मनात आलं. पण तो जागेवरच राहिला.

ती फोटोपुढं जाऊन उभी राहिली. आधी हसली. मग चष्मा सावरून खालची ओळ वाचली. एकदा वाचून तिचं भागलं नसावं, कारण ती आणखी जवळ गेली.

तेवढ्यात सोजरबाई नावाची एक म्हातारी तिच्याजवळ आली. तिच्या दोन्ही लेकींची बाळंतपणं लिलाबाईनंच केलेली. ती फोटोकडं बघे, लिलाबाईकडं बघे.

"सिस्टर, या तुमीच ना वो?"

हॉलमधल्या एवढ्या गलक्यातही उत्कर्षला आत्याचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं.

"नाई वो. माह्यासारखी दिसते जराशी."

"मलेबी वाटलंच," सोजरबाई म्हणाली. "तुमी कायले बसान अशा चुलीपुढं!"

लिलाबाई वळली. तिची नजर उत्कर्षवर पडली आणि तिनंच ती काढून घेतली. साक्षी तरातरा त्याच्याजवळ आली.

"दादा, मायले मजूर केलं तू?"

"साक्षी, ऐक ना..."

"काय ऐकू? साऱ्या गल्लीले सांगून आली थे, का माहा फोटो लागला असन म्हणून."

त्याच वेळी धनराजनं माइकवर त्याचं नाव पुकारलं. उत्कर्ष पुढं गेला. आत्या दुसऱ्या रांगेत हातांची घडी घालून बसली होती. त्यानं रात्रंदिवस घोकलेलं भाषण सुरू झालं. फिल्म मरणार नाही. लोक स्क्रीनला कंटाळतील, हातात धरता येणाऱ्या फोटोकडं परत येतील. मग ते वाक्य आलं. ते टाळायचं असं त्यानं व्यासपीठावर चढतानाच ठरवलं होतं, पण पाठ झालेलं तोंडून निघून गेलं.

"फिल्म खोटं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. लिलाबाईनंही वाजवल्या, लहान, नीट, सभेत वाजवतात तशा. उत्कर्षला पुढचं काही आठवेना. तो पाणी प्यायला, आभार मानून खाली उतरला. तोवर आत्याची खुर्ची रिकामी झाली होती.

त्यानं तो फोटो भिंतीवरून उतरवला. धनराजनं "काहून?" विचारलं, तेव्हा "चौकट ढिली हाये," म्हणाला. त्या दिवसातलं हे त्याचं आणखी एक खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो अनसिंगला गेला. आत्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं, चहा टाकला, पुण्याच्या उन्हाची चौकशी केली. त्यानं कप खाली ठेवला.

"चुकलो आत्या," तो कसाबसा म्हणाला.

तिनं तांदळाचं सूप परत मांडीवर घेतलं.

"माय माही जलमभर दुसऱ्याच्या वावरात वाकली. त्याची लाज नाई मले," ती म्हणाली. "तिनं मले त्यातून काढलं, शाळेत घातलं. तू एका बटनात मले परत तिथी नेऊन बसोलं."

उत्कर्षनं मान खाली घालूनच विचारलं,

"मंग सोजरबाईले नाई कायले म्हणलं तू?"

"हो म्हणलं असतं तर तिनं तिथीच तुले झापलं असतं, साऱ्याईपुढं. तुह्या नावाचा बोर्ड होता बाबू तिथी." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पण मले खोटं बोला लागलं. तिच्या दोनी लेकीईचं बाळंतपण केलं मी, आन तिच्या तोंडावर खोटं बोलली. थे तुह्यापाई."

त्याला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. तेही आलं नाही. त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला. "आता तू म्हणशील तसा काढतो. तुह्या खुर्चीत, चष्म्यासकट."

"त्यानं नको."

"काहून?"

"त्यात काय गेलं थे मले दिसत नाई. तू घेऊन जातं, तिकडं धुतं, तिकडंच लावतं." ती उठून साडी सारखी करायला लागली. "मोबाइलवर काढ. लगेच पाहू दे मले."

उत्कर्षनं फोन काढला. पहिला फोटो तिला पटला नाही, पुसायला लावला. दुसऱ्यात फ्रिजचं दार उघडं दिसत होतं, तोही पुसला. मग ती स्वतः जाऊन दार लावून आली. त्यानंतरचा फोटो तिनं हातभर लांब धरून पाहिला आणि "हा राहू दे," म्हणाली. आपल्या फोनवर घेतला आणि तिथल्या तिथं उपकेंद्रातल्या जुन्या मैत्रिणींना पाठवून दिला. फोटो साधाच होता. पुण्यात कुणी त्याच्याकडं दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

तो निघाला तेव्हा तिनं विचारलं, "भिंतीवर दुसऱ्याइचेबी फोटो होते. त्याईनं पाह्यले का?"

त्यांतल्या एकालाही उत्कर्षनं त्याचा फोटो दाखवला नव्हता.

पुण्याला जाण्याआधी त्यानं वाशीमला जाऊन भिंतीवरचे उरलेले सगळे फोटो काढून घेतले आणि शेलूबाजारची बस धरली. तिथं जवळच्याच एका तांड्यावर त्या फोटोंतला धनसिंग राहायचा, शेळ्या राखायचा. फोटो हातात घेऊन धनसिंगनं तो उजेडाकडं धरला. कागदावरून बोट फिरवलं. खुश झालेला दिसला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"माहे बूट कुठी गेले? नवे होते त्या दिवशी."

"मीच काढाले लावले होते, दादा," उत्कर्ष म्हणाला. "अनवाणी चांगलं दिसते म्हणून."

धनसिंगनं त्याच्याकडं पाहिलं, मग घरात हाक मारली. बायको बाहेर आली. "पाह्य व," तो म्हणाला, "यानं माहे बूट काढून मले गरीब केलं." बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, शेजारच्या दोघी बघायला आल्या. फोटो या हातातून त्या हातात फिरत राहिला, आणि प्रत्येक जण आधी फोटोतले पाय बघायचा, मग उत्कर्षकडं. तो अंगणात मधोमध उभा होता. पिशवीत अजून बऱ्याच जणांचे फोटो होते, आणि प्रत्येकाला आपण काय काय काढायला लावलं होतं, ते त्याला एकेक करून आठवायला लागलं होतं.