आयडेलाच्या तळघरातली भट्टी

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आयडेला रुस्टाडच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी भट्टी घरघर करत बंद पडली. बाहेर पारा वजा तीसवर. आयडेला त्र्याऐंशी वर्षांची, घरात एकटी, तरी तिने मुलाला फोन केला नाही. गेलन फार्गो शहरात घरं विकण्याचा धंदा करायचा आणि वर्षभर तिच्या मागे लागला होता, की घर काढून टाक आणि वृद्धाश्रमात चल. घर गारठलंय असं कळतं, तर त्याने त्याच दिवशी तिची बॅग भरली असती.

तिने एल्विन टॉर्कलसनला बोलावलं. गावातल्या घरोघरच्या भट्ट्या आणि एसी तोच बसवायचा. तिचा नवरा हार्लन गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला पहिला खांदा एल्विनचा होता.

एल्विनने गुडघे टेकून भट्टीत बॅटरी मारली.

"ही गेली. आतला पत्रा चिरलाय. पुन्हा पेटवली तर विषारी धूर घरात शिरेल, झोपेतच जाशील."

"मग नवी बसव."

"गोदामात एक पडून आहे. पण आधी परवानगी काढावी लागते, आणि गावची कचेरी आज बंद झाली, ती आता सोमवारीच उघडणार. तोवर विजेचे दोन हीटर आणून देतो. नाहीतर माझ्याकडे येऊन राहा."

"उद्या गेलन येतोय. हीटर बघितले की त्याला आयतंच सापडलं."

"अगं, माझं लायसन जाईल."

"हार्लनने तुला कधी कायदा दाखवला होता का रे?"

ते त्याच्या वर्मी लागलं. लागावं म्हणूनच तिने हार्लनला मध्ये आणलं होतं. एल्विनची दारू सुटावी म्हणून हार्लन एक अख्खा हिवाळा त्याच्या उशाशी बसला होता.

"सोमवारी कचेरी उघडल्या उघडल्या अर्ज देतो," एल्विन पुटपुटला. "तोवर कुणापाशी बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय?"

रात्रीपर्यंत नवी भट्टी बसली आणि घर उबदार झालं. दुसऱ्या दिवशी गेलन आला, कॉफी प्यायला आणि सहज म्हणून तळघरात उतरला. नवीकोरी भट्टी, आणि तिच्यावर परवानगीचं कार्ड नाही. त्याला एवढं पुरेसं होतं. आईला काही न बोलता त्याने गाडीत बसून गावच्या तपासनीसबाईंना घरी फोन लावला.

सोमवारी एल्विन अर्ज घेऊन कचेरीत पोचला, तर तपासनीस ब्रँडव्होल्डबाई कोट चढवून तयारच होत्या. "तुम्हीही चला," त्या म्हणाल्या. दोघं आयडेलाच्या तळघरात आले. गेलन आधीच तिथे उभा होता. त्याला बघताच आयडेलाच्या सगळं लक्षात आलं.

बाईंनी धुराचा पाइप पाहिला, गॅसचा सांधा पाहिला. "कामात खोट नाही. पण परवानगीआधी झालंय. रुस्टाडबाई, तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर सुनावणी होईपर्यंत मला गॅस तोडावा लागेल. तोवर तुम्हाला इथे राहता येणार नाही. माहीत नसेल तर दोष फक्त बसवणाऱ्याचा."

"तिला माहीत असणारच," गेलन म्हणाला. "या घरात तिला विचारल्याशिवाय कपसुद्धा जागचा हलत नाही. आई, काळजी करू नकोस. मी खोली बघून ठेवलीय."

एल्विन हातातली टोपी चुरगाळत होता. म्हातारीला कसं वाचवावं, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. स्वतःला वाचवावं हे अजून त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाही," आयडेला म्हणाली. "मला माहीत नव्हतं. परवानगी काढलीय असं त्याने मला सांगितलं."

"आयडेला..."

"असंच म्हणालास ना तू?" तिने थेट त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

एल्विनने एकदा गेलनकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो. असंच म्हणालो."

भट्टीला आठवड्याभरात मंजुरी मिळाली. गेलन तोंड पाडून फार्गोला परतला. एल्विनचं लायसन रद्द झालं. गाडीवरचं स्वतःचं नाव त्याने स्वतःच्या हाताने खरवडून काढलं.

पण गावाला हे पचत नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका पुन्हा पुन्हा विचारायच्या, "एल्विन आणि खोटं बोलेल? आमच्याकडे तर कधी..." एकदा आयडेला कंटाळून म्हणाली, "त्या दिवशी त्याच्या तोंडाला वास येत होता." पुढच्या रविवारी तिच्या सांगण्यात हत्यारांच्या पेटीतली बाटलीही आली. एल्विनचे जुने दिवस गावाला आठवत होतेच. मग कुणी काही विचारलं नाही.

ईस्टरआधी चर्चमध्ये सूपाचं जेवण होतं. एल्विन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो वाळला होता.

"लायसनचं मी एका शब्दाने बोललो नाही," तो हळूच म्हणाला. "तुझं घर राहिलं, बरं झालं. पण दारूचं का सांगितलंस?"

आयडेलाने सूपावर फुंकर घातली. "नुसतं खोटं बोलला म्हटलं तर कुणाला पटत नव्हतं."

"पोरगी नातवंडांना माझ्या गाडीत बसू देत नाही आता."

खरं बोलायला फार वेळ लागला नसता. शेजारच्या टेबलावर, रविवारच्या कॉफीच्या बायकांतल्या व्हर्नाचे कान इकडेच होते. पण मग गेलनला कळलं असतं. पुन्हा तीच सुनावणी, पुन्हा ती खोली.

"मग पोरीलाच चालवू दे गाडी," ती म्हणाली. "आणि जाताना दार नीट लाव. गार वारा येतो."

एल्विनने टोपी डोक्यावर घातली. मग गेला. दार त्याने खरंच नीट लावलं.

व्हर्ना खुर्ची ओढून जवळ सरकली. "काय गं, काय म्हणत होता?"

"माफी मागत होता."

"मग?"

"केलं माफ. आता या वयात काय धरून ठेवायचं?"

व्हर्नाने तिचा हात दाबला. "तुझं मन मोठं गं बाई."

आयडेलाने वाटी पुढे केली आणि आणखी थोडं सूप मागितलं.