बसवाल्याची पाळी

आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला पोरांची रांग पायी शाळेत न्यायला सांगितलं, तर काय होतं? आपला बसवाला तर घरातून निघण्याआधीच घामाघूम झाला.

शहराबाहेरच्या या गल्लीत बिऱ्हाड आणून जेमतेम महिना झाला होता. भावाच्या दोन खोल्यांत पोरांना अभ्यासाला कोपरा मिळेना, म्हणून यानेच हट्ट धरून जागा बदलली. थोरल्याचं काय, त्याने चेंडू काढला आणि दोन दिवसांत गल्ली खिशात घातली. धाकटी मात्र गप्प झाली. घरात टकळी चालवणारी पोर शाळेत तोंड म्हणून उघडेना. बाईंनी काही विचारलं की मान खाली. बायकोने स्पष्टच सांगितलं होतं, "सत्र संपेपर्यंत तिचं मन रमलं नाही, तर आपण परत भावजींकडे. जागा कोंदट असू दे, तिथे ती हसत तरी होती." बसवाल्याचा जीव टांगणीला लागला होता.

गल्ली तशी लाखात एक हो! सामान आलं त्या दिवशी न बोलावता चौघं धावून आले, कपाट जिन्यावरून वर चढवलं आणि चहालाही न थांबता गेले. आणि सकाळची ती रांग. सगळी पोरं मिळून पायी शाळेत जायची, बरोबर एक मोठं माणूस, रोज पाळीने वेगळं. सगळ्यांत लहान पोर पुढे, म्हणजे कुणी मागे राहायला नको. ही शिस्त लावली समोरच्या काकूंनी. काकू निवृत्त नर्स. स्वतःची नातवंडं परगावी, पण गल्लीतल्या पोरांसाठी त्यांची पाळी कधी चुकली नाही. "काकू आमच्या डेपोत असत्या, तर एक बस उशिरा सुटली नसती," असं बसवाला बायकोला म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा.

"रस्ता माहीत आहे ना?" बसवाल्याची पाळी आली त्या सकाळी काकूंनी विचारलं.

"काकू, इथला रस्ता न् रस्ता तोंडपाठ आहे मला," बसवाला म्हणाला. घ्या!

रांग निघाली. बागेपाशी पायवाटेने आत वळायचं असतं, पण बसवाल्याचे पाय सरळ मोठ्या रस्त्याला लागले, रोजच्या बसच्या रस्त्याला. बस कधी बागेतून जाते का? वर कहर म्हणजे, वाटेत बसथांबा आला की हा उभा राहायचा, मागे वळून पोरं चढली का ते बघायचा आणि मगच पुढे निघायचा. मोठ्या माणसाच्या मागे निमूट चालायचं ही काकूंचीच शिकवण, त्यामुळे पोरांनी चकार शब्द काढला नाही. थोरल्याने तेवढा कपाळाला हात लावला.

शाळेची घंटा ऐकू आली, तीही पाठीमागून. बसवाला गर्रकन मागे वळला. पहिलीच पाळी आणि गल्लीची अब्रू गेली, शिवाय उशिरा गेलेली आपली पोर आता आणखीच मिटून जाणार.

तेवढ्यात धाकटी रांगेतून बाहेर आली. तिने सगळ्यांत लहान पोराचा हात धरला, रांग उलटी फिरवली आणि पुढे चालू लागली. बागेतून, पाण्याच्या टाकीमागून, कुंपणाच्या फटीतून. बसवाला मागून धापा टाकत, बघत राहिला. ही एवढीशी पोर एवढं सगळं कधी शिकली?

फाटकात बाई उभ्याच होत्या. "आज एवढा उशीर?"

बसवाला तोंड उघडणार, तोच धाकटी पुढे झाली. आवाज खणखणीत.

"बाई, माझ्या बाबांना रागावू नका. ते इथे नवीन आहेत."

बाई उशिराचं विसरून तिच्याकडेच बघत राहिल्या. बसवाल्याने मान डोलावली. नवीन तर नवीन. बायकोला जाऊन कधी सांगतो, असं झालं होतं त्याला.